शेवटचा डबा

काकांच्या निधनानंतर वर्षभराने माझी धाकटी चुलत बहीण शिकागोहून पुण्याला आली, तेव्हा तिच्या सामानात एका जुन्या शालीत गुंडाळलेली चार निळी खोकी होती. "दादा, बाबांचे हे डबे तूच ठेव. माझ्याकडे ते बेसमेंटमध्येच पडून राहतील," एवढे म्हणून तिने ती माझ्या टेबलावर, तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. दोन दिवसांनी ती परत गेली. उत्तरपत्रिका यथावकाश तपासून झाल्या. खोकी मात्र पावसाळा संपेपर्यंत तशीच होती. मी मराठीचा अध्यापक. खिळा ठोकायचा तरी घरात दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली जाते. आगगाडीच्या चिमुकल्या प्रतिकृतींचे मी काय करणार, असे घरातल्यांप्रमाणे मलाही वाटत होते.

खोक्यांत ॲथर्न या अमेरिकी कंपनीचे चार प्रवासी डबे होते : एक सामानाचा, एक साधा खुर्च्यांचा, एक छतावर काचेचा घुमट असलेला आणि एक मागच्या टोकाला गोलाकार होत गेलेला, गाडीच्या अगदी शेवटी लागणारा. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, ज्याला या छंदातले लोक 'एचओ' म्हणतात. काकांनी ते १९७४च्या सुमारास घेतले असावेत. त्या काळी असे डबे सुट्या भागांच्या रूपात मिळत आणि अर्ध्या तासात जोडून होत. स्वस्त आणि दणकट असल्यामुळे ते मुलांच्याही हाती देता येत. त्या स्वस्ताईसाठी केलेल्या तडजोडी आज डोळ्यांत भरतात. अमेरिकेतला खरा डबा पंच्याऐंशी फुटांचा. या प्रमाणात तो सुमारे तीस सेंटिमीटर भरला पाहिजे. काकांचे डबे पंचवीसच सेंटिमीटरचे आहेत, म्हणजे खऱ्या मापात बहात्तर फुटांचे. घरातल्या टेबलावर मांडलेल्या रुळांची वळणे अठरा इंच त्रिज्येची. त्यांवर पूर्ण लांबीचा डबा फिरताना अडखळतो, म्हणून तो आखूड केला. दाराजवळ धरायच्या दांड्या म्हणजे प्लास्टिकवर उठवलेल्या रेघा. खिडकीला पातळ पारदर्शक पट्टी, आत रिकामी पोकळी, तळाशी यंत्रसामग्रीच्या नावाने चार ठोकळे. आणि एकाच साच्यातून निघालेल्या डब्यावर वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची नावे छापायची. काकांच्या चारही डब्यांवर मुळात 'सांता फे' हे नाव होते.

काका मात्र सांता फेच्या गाडीने कधी गेले नव्हते. ते गेले होते 'कॅलिफोर्निया झेफर'ने, १९६९च्या डिसेंबरात. शिकागोजवळच्या विद्यापीठात ते नुकतेच अभियांत्रिकी शिकायला गेले होते आणि नाताळच्या सुटीत बर्कलीला एका वर्गमित्राकडे निघाले होते. शिकागो ते ओकलंड अशी ही गाडी बर्लिंग्टन, डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न आणि वेस्टर्न पॅसिफिक अशा तीन कंपन्या मिळून चालवत. ती १९४९मध्ये सुरू झाली आणि काकांच्या प्रवासानंतर तीन महिन्यांनी, मार्च १९७०मध्ये, बंद पडली. (त्याच नावाची आजची ॲमट्रॅकची गाडी १९८३पासूनची, तिचे डबे अगदी वेगळे आहेत.) जुन्या झेफरला काचेच्या घुमटांचे पाच डबे असत. दुपारी शिकागो सोडून सकाळी डेन्व्हर, दिवसाउजेडी रॉकी पर्वत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेडातच फेदर नदीची घळ, असे तिचे वेळापत्रक मुद्दाम देखाव्यांसाठी बेतलेले होते. पोहोचण्याची घाई असणाऱ्यांसाठी ती गाडी नव्हतीच.

या प्रवासावर काकांनी घरी लिहिलेले एरोग्राम आमच्या घरात एखाद्या पोथीसारखे जपले गेले. निळ्या कागदाच्या वरच्या भागात 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' अशी सुरुवात करून आजोबांसाठी हिशेबी मजकूर आणि खालच्या भागात आजीसाठी वेगळा. आजीला त्यांनी लिहिले होते की, आपण गाडीच्या सर्वांत शेवटच्या डब्यात, गोल काचेपाशी आरामखुर्चीत बसून बर्फातून मागे पडत जाणारे रूळ पाहत होतो. शेजारी एक वृद्ध जोडपे होते, आणि त्यांनी आपल्याला कॉफी पाजली. आजीला वाचता येत होते, तरी हा भाग ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. वाड्यात कुणी आले की "माझा मुलगा शेवटच्या डब्यातनं गेला, गोल काचेच्या," हे ठरलेले वाक्य. तिने स्वतः आयुष्यात पुणे-मिरज या मार्गाखेरीज दुसरा आगगाडीचा मार्ग पाहिला नव्हता. पण बर्फातले रूळ मागे कसे जातात हे ती असे सांगे की, माझ्या डोळ्यांपुढे आजही तेच चित्र उभे राहते.

खोकी उघडली ती या चित्रामुळे. मला वाटले, निदान तो शेवटचा डबा आजीने सांगितल्यासारखा करून ठेवावा.

जुने डबे सुधारण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पहिले काम चाकांचे. प्लास्टिकची चाके काढून तिथे धातूची बसवायची. त्यांना मळ कमी धरतो आणि रुळांवर खरा खडखडाट होतो. दुसरे कपलिंगचे. जुन्या डब्यांचे शिंगासारखे हुक चाकांच्या गाड्यालाच जोडलेले असतात; ते कापून डब्याच्या तळाला केडी कंपनीचे धातूचे कपलिंग बसवायचे. ते दिसते खऱ्यासारखे, आणि गाडी मागे ढकलताना डबे रुळांवरून उतरण्याचे प्रमाणही पुष्कळ घटते. मग वजन. हौशी लोकांच्या अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने, एनएमआरएने, त्याचा एक नियम करून ठेवला आहे : एचओ प्रमाणाच्या डब्याला एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आमच्या दहा इंची डब्याला सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी चारही डबे तोलले. एकही भरला नाही.

दोन डब्यांच्या मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी घडी असते, ती काळ्या कागदाची करता येते. ती लागताच चार सुट्या वस्तूंची एकदम गाडी होते. इतक्या कमी कष्टात इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच कामाने पडत नाही. सर्वांत चिवट काम दांड्यांचे. उठावाची रेघ धारदार पात्याने तासून काढायची, तिच्या दोन टोकांना तिसऱ्या हिश्श्याच्या मिलिमीटरची भोके पाडायची, तारेचा तुकडा चिमट्याने वाकवून त्यांत बसवायचा आणि सुईच्या टोकाने डिंकाचा थेंब द्यायचा. या डब्यांच्या बाजूंना आडव्या पन्हळी आहेत; खरे डबे बड कंपनीने स्टेनलेस स्टीलचे बनवले होते, त्यांचे ते अनुकरण. त्यामुळे भोक पाडताना ड्रिल पन्हळीवरून घसरते. माझी पहिली सहा भोके सहा वेगवेगळ्या दिशांना गेली. हातड्रिल घड्याळजींच्या अवजारांच्या दुकानात मिळाले. तारेसाठी तंतुवाद्यांच्या दुकानात गेलो आणि सर्वांत बारीक तार मागितली. "कुठलं वाद्य?" असे दुकानदाराने विचारले. आगगाडी म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिले आणि तार तोडून देताना म्हणाला, "वाजली तर सांगा."

हे सारे कशासाठी, हा प्रश्न घरात आणि स्टाफरूममध्ये रीतसर विचारून झाला. मला तो साहित्याच्या तासाला येणाऱ्या एका प्रश्नाचाच भाऊ वाटतो. रोलाँ बार्तचा १९६८चा वास्तवाभासावरचा निबंध आपल्यापैकी अनेकांनी शिकवलेला असेल. फ्लोबेरच्या एका कथेत पियानोवर एक वायुभारमापक आहे. कथानकाला त्याचा काही उपयोग नाही. असे निरुपयोगी तपशील मिळून एकच गोष्ट सांगतात की, हे वास्तव आहे, असे बार्त म्हणतो. मीही वर्गात ते मान डोलावून सांगत आलो. आता दांड्या बसवल्यावर माझी त्याच्याशी थोडी कुरबुर आहे. तारेची दांडी 'हे खरे आहे' एवढेच सांगून थांबत नाही; इथे कुणीतरी हात टाकून वर चढत होते, हेही ती सांगते. प्लास्टिकची रेघ हे सांगू शकत नाही, कारण तिच्यामागे बोटे जाऊ शकत नाहीत.

अर्थात, याला उलट बाजू आहे. या छंदात 'तीन फुटांचा नियम' म्हणून एक व्यवहारी शहाणपण आहे : तीन फुटांवरून चांगले दिसले की पुरे. कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८मध्ये सुरू झाले, तेव्हा मी एम.ए.ला होतो, मित्रांबरोबर तिथे गेलो होतो. दिवे मंद झाले, चिमुकल्या शहरात दिवे लागले आणि गाड्या धावू लागल्या, तेव्हा डब्यांना दांड्या आहेत की नाहीत हे पाहण्याचे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. चालणाऱ्या गाडीला तपशील फारसा लागत नाही. तो लागतो थांबलेल्या गाडीला. काकांची गाडी थांबलेलीच होती.

शेवटच्या डब्याच्या अंतर्भागाची माहिती हवी म्हणून मी झेफरवरची पुस्तके, जुन्या जाहिराती, आराखडे धुंडाळू लागलो, आणि तिथे गडबड झाली. पहिली गोष्ट अशी की, झेफरच्या खऱ्या शेवटच्या डब्यालाही घुमट होता. माझ्याकडच्या डब्याला तो नाही. याची मला फारशी फिकीर वाटली नाही. दुसरी गोष्ट अशी की, तो डबा फक्त शयनयानाच्या प्रवाशांसाठी राखीव असे. खुर्चीचे तिकीट काढणाऱ्यांसाठी पुढे घुमटांचे तीन स्वतंत्र डबे होते. मागच्या आरामखुर्च्या त्यांच्यासाठी नव्हत्या. मी एरोग्राम पुन्हा काढले. आजोबांसाठी लिहिलेल्या वरच्या भागात स्वच्छ लिहिले आहे : 'झोपावयाच्या डब्याचे भाडे परवडणारे नसल्याने खुर्चीचे तिकीट काढले आहे. काळजी नसावी.'

एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर, दोन पाठ. पन्नासहून अधिक वर्षे हे पत्र आमच्या घरात वाचले गेले आणि एकाच्याही ते लक्षात आले नाही. आजोबा आपला भाग वाचत, आजी आपला ऐके. मी तर पाठचिकित्सा शिकवतो. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत विसंगती दिसली की कोणता पाठ प्राचीन आणि कोणता प्रक्षिप्त हे कसे ठरवावे, यावर दरवर्षी चार तास घेतो. घरातल्या पोथीची चिकित्सा करायची असते हे काही सुचले नव्हते.

एखाद्या सेवकाने त्यांना पाच मिनिटे मागे बसू दिले असेल, अशी एक शक्यता मी स्वतःपुढे मांडून पाहिली. वृद्ध जोडप्याने हाताला धरून नेले असेल. अशक्य नाही. पण पत्रातले ते वर्णन पाच मिनिटांचे नाही. त्यात संध्याकाळ होते, बर्फ निळा होत जातो. पंचविशीतला, खिशात मोजके डॉलर असलेला मुलगा पुढच्या डब्यात बसून, बहुधा जाहिरातीच्या पुस्तिकेवरून, आईसाठी शेवटचा डबा लिहून काढत होता, हेच अधिक संभाव्य. मला आधी राग आला. एवढ्याशा खोट्याचा राग यावा याचे नंतर नवल वाटले. राग काकांपेक्षा त्या आराखड्यांचा होता. आजीच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट मी तपशिलाच्या लोभाने मोडून बसलो होतो.

महिनाभर काम बंद राहिले. त्या दिवसांत वर्गात एकनाथांनी केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचा भाग आला. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. अशुद्ध प्रती पाहून त्यांनी पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी स्वतःची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही ठेवली. हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. या वेळी सांगताना जाणवले की, शुद्ध करणाऱ्याचा हातही हातच असतो. त्याने काय पुसले ते आपल्याला कळत नाही, आणि म्हणूनच १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा एवढा वाद झाला. विद्यार्थ्यांनी हे टिपून घेतले नाही. परीक्षेला येत नाही.

पुन्हा बसलो ते घुमटाच्या डब्यापाशी. चारांपैकी याच डब्याला काकांचा हात लागलेला होता. 'सांता फे' ही अक्षरे त्यांनी चंदेरी रंगाने झाकली होती आणि त्यांवर काळ्या रंगात, बारीक कुंचल्याने, 'कॅलिफोर्निया झेफर' असे रोमन अक्षरांत लिहिले होते. अंतराचा अंदाज चुकल्यामुळे शेवटची तीन-चार अक्षरे दाटीवाटीने उभी होती. खिडक्यांच्या काचा मात्र दुधाळ झाल्या होत्या. क्षणात चिकटवणारे ते डिंक पारदर्शक प्लास्टिकजवळ वापरले की त्याची वाफ काचेवर पांढुरकी बसते. काकांना हे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक झाले तोवर उशीर झाला असावा. त्या काचा बदलायच्या म्हणून मी तळाच्या कडेला पाते घालून कवच हलकेच सोडवले.

आत खुर्च्या होत्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या दुमडून केलेल्या, एकीमागे एक, रंगवलेल्या. बाहेरून त्यांचा मागमूस नव्हता. आणि घुमटाच्या पुढच्या भागात, खालच्या मजल्यावर, खिडकीशी एकच माणूस बसवलेला होता. या प्रमाणात उभा माणूस सुमारे एकोणीस मिलिमीटरचा. बसलेला त्याहून लहान. तपकिरी कोट, काळे केस, चेहऱ्याला आणि हातांना इतर आकृत्यांना असतो त्याहून गडद रंग. मांडीवर निळ्या कागदाचा एक तुकडा, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा.

मग मी शेवटचा डबा उघडला. त्यात काही नव्हते. कारखान्यातून निघाला तसा, रिकामा.

बहिणीला फोन केला. तिला यातले काही माहीत नव्हते. बाबा बेसमेंटमध्ये काय करत ते आम्ही कधी विचारले नाही, म्हणाली. एवढेच आठवते की, ते हे डबे रुळांवर चालवत नसत.

त्यानंतरचे निर्णय मी शास्त्र पाहून घेतलेले नाहीत. घुमटाच्या डब्यावरची अक्षरे स्पिरिटने पुसून तिथे पाण्याने चिकटणारी छापील अक्षरे लावण्याचा विचार होता. ती बहिणीने पाठवलीही होती. ती पाकिटातच आहेत. त्या दाटीतल्या शेवटच्या आर या अक्षराची पायरी एरोग्रामवरच्या पत्त्यातल्या आरसारखीच बाहेर फेकलेली आहे, हे दिसल्यावर हात पुढे होईना. दुधाळ काचा बदलल्या. आतली आकृती आता बाहेरून दिसते. हे काकांना आवडले असते का, याविषयी मला खात्री नाही. काच दुधाळ झाली ती चुकून, हे मी गृहीतच धरले आहे. दांड्या तारेच्या केल्या, चाके बदलली, वजन १७० ग्रॅम भरले. योगायोगाची एक गोष्ट इथे सांगतो : घुमटाचा पहिला डबा हा मुळात जुना डबा सुधारूनच झाला होता. जनरल मोटर्सच्या सायरस ऑसबॉर्नना १९४४मध्ये ग्लेनवुडच्या घळीतून इंजिनात बसून जाताना ही कल्पना सुचली आणि बर्लिंग्टनने १९४५मध्ये ऑरोराच्या कार्यशाळेत १९४०च्या एका साध्या डब्याचे छत कापून त्यावर काच बसवली. जुन्या डब्याचे नाव 'सिल्व्हर अल्केमी'. नवे 'सिल्व्हर डोम'.

शेवटच्या डब्यात मी आरामखुर्च्या केल्या, तोंड मागच्या गोल काचेकडे. त्यांतल्या दोन खुर्च्यांवर एक वृद्ध जोडपे बसवले; जर्मन कंपनीच्या तयार आकृत्या आहेत, रंग मी बदलले. तिसरी खुर्ची रिकामी आहे. बहिणीने व्हिडिओवर पाहिले आणि म्हणाली, "बाबांना तिथं का नाही बसवलंस? आजीची तेवढी इच्छा तरी." मी सांगितले की, काकांनी ती आकृती इतकी पक्की चिकटवली आहे की काढायला गेलो तर पाय मोडतील. हे खरे आहे. मी प्रयत्न करून पाहिलेला नाही, हेही खरे आहे.

चारही डबे आता पुस्तकांच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर, दोन हात लांबीच्या रुळांवर उभे आहेत. घुमटाच्या डब्याचे कपलिंग मिलिमीटरभर खाली येते, त्यामुळे शेवटचा डबा त्याला नीट अडकत नाही. एक कागदी वॉशर घालावा लागेल.